सतराव्या वर्षी पंचविशीची पारख

बॅटवर चेंडू बसल्याचा खणखणीत आवाज होतो आणि सगळ्यांच्या माना वर वळतात. होम प्लेटमागच्या जाळीलगत उभ्या असलेल्या एका माणसाची मान मात्र जागची हलत नाही. आवाजासरशी त्याचा अंगठा स्टॉपवॉचवर पडलेला असतो आणि नजर धावत्या पोराच्या पायांवर असते. पोराचा बूट पहिल्या बेसला टेकतो, अंगठा पुन्हा दाबला जातो. 4.2 सेकंद. चेंडू कुणी अडवला, धाव निघाली की नाही, याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. वहीत ओळ पडते ती एवढीच: उजवा फलंदाज, प्लेट ते पहिला बेस, 4.2.

हा स्काउट. मेजर लीग बेसबॉलच्या 30 संघांपैकी एकाचा पगारी माणूस. त्याच्याकडे नेमून दिलेला इलाखा असतो. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियासारख्या खेळाडूंनी भरलेल्या राज्याचा एखादा तुकडा, नाहीतर उत्तरेकडची चार-पाच राज्यं एकदम. वसंत ऋतू सुरू झाला की त्याचा मुक्काम गाडीत आणि हायवेवरच्या मोटेलांत. शाळा सुटल्यावर दुपारी सामने सुरू होतात. आज एका गावात, उद्या तिथून तीनशे मैलांवर.

एवढी धावपळ कशासाठी, तर ड्राफ्टसाठी. 1965 पासून अमेरिकेतले संघ नवे खेळाडू याच पद्धतीने, पाळीपाळीने निवडतात. हायस्कूल संपवलेला मुलगा थेट निवडता येतो. तो चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाला, तर मात्र साधारण तीन वर्षं, किंवा तो 21 वर्षांचा होईपर्यंत, हात चोळत बसावं लागतं. म्हणून संघाला निर्णय घ्यायचा असतो तो सतरा-अठराच्या पोराबद्दल, आणि प्रश्न असतो पंचविशीतल्या खेळाडूचा.

या प्रश्नाचं उत्तर धावफलकावर मिळत नाही. हायस्कूलचा सामना सात इनिंग्जचा. त्यात एका फलंदाजाच्या वाट्याला तीन-चार पाळ्या येतात. समोरचा पिचर ताशी 75-80 मैलांनी चेंडू टाकतो, आणि मेजर लीगमधल्या वेगवान चेंडूचा सरासरी वेग आज 94 मैलांच्या आसपास आहे. त्यातून पोरगा नावाजलेला असेल, तर प्रतिस्पर्धी त्याला मारण्याजोगा चेंडूच देत नाहीत; चालत पहिल्या बेसवर पाठवून मोकळे होतात. तीनशे मैल गाडी हाकून आलेल्या स्काउटला कधी कधी एकही फटका बघायला मिळत नाही.

म्हणून तो सामन्याच्या बराच आधी येतो. सरावाच्या फलंदाजीत निदान पंचवीस-तीस फटके सलग दिसतात. उजव्या फलंदाजासाठी तो पहिल्या बेसच्या बाजूला जाऊन उभा राहतो, कारण तिथून पोराची छाती, हात आणि कंबर समोरून दिसतात. पुढचा पाय जमिनीला टेकतो तेव्हा हात मागे थांबलेले आहेत का? डोकं स्थिर आहे का? ताकद कमरेतून येते आहे, की नुसत्या मनगटाचा खेळ आहे? शाळेत धातूची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये फक्त लाकडी. लाकडी बॅटचा नेमका लागणारा भाग लहान असतो, त्यामुळे धातूच्या बॅटवर खपून जाणारा फटका तिथे फसतो. उन्हाळ्यातल्या निवडक स्पर्धांत ही पोरं लाकडी बॅट घेऊन उतरतात, तेव्हा स्काउटांची गर्दी होते ती याचसाठी.

पिचरची तऱ्हा वेगळी. नामांकित पोरगा चेंडू टाकायला उभा राहिला की जाळीमागे वीस-पंचवीस रडार गन एकदम वर येतात आणि एकदम खाली जातात. हे यंत्र बेसबॉलमध्ये आणलं डॅनी लिटव्हायलर यांनी. ते मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. कॅम्पसवरचे पोलीस वेगात जाणाऱ्या गाड्या पकडायला रडार गन वापरू लागले आहेत, हे 1974 मध्ये त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी तीच गन चेंडूवर रोखली. पण आकडा दिसला म्हणून काम संपत नाही. पहिल्या इनिंगमधला वेग पाचव्यात टिकतो का, संथ चेंडू टाकताना हात आधीच सैल पडून गुपित फुटतं का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

बघितलेलं सगळं मग 20 ते 80 या मोजपट्टीवर उतरतं. तिचं श्रेय बहुधा ब्रँच रिकी यांना दिलं जातं. कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सनला मेजर लीगमध्ये आणणारे ते हेच. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, 80 म्हणजे पिढीत मोजके. उजव्या फलंदाजाने पहिला बेस 4.3 सेकंदांत गाठला तर 50, 4.2 मध्ये गाठला तर 60. डावखुऱ्याला दशांश सेकंद कमी मिळतो, कारण तो मुळातच पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो. फटका जुळवणं, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण अशा पाच गुणांना असे आकडे दिले जातात. गंमत अशी, की प्रत्येक गुणापुढे रकाने दोन: आज किती आणि पुढे किती. हायस्कूलच्या पोराचा फटका जुळवण्याचा आजचा आकडा बहुतेक वेळा 20-30 च्या घरात असतो. स्काउटला पगार मिळतो तो दुसऱ्या रकान्यासाठी.

हा दुसरा रकाना भरताना तो शरीर वाचतो. खांदे रुंद, कंबर बारीक, हातपाय लांब, म्हणजे अंगावर अजून दहा-पंधरा किलो चढायला जागा आहे. सतराव्या वर्षीच दाढी-मिशा आणि भरलेल्या मांड्या असतील, तर आजचे लांब फटके उद्या आणखी लांब जातीलच असं नाही. प्रेक्षकांत बसलेले आईवडीलही त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. बापाची उंची आणि आईचा बांधा वहीत जातो.

हिवाळ्यात पोराच्या घरी भेट ठरते. स्काउट कोचावर बसतो, चहाऐवजी कॉफी येते, आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखे आडवळणाचे प्रश्न सुरू होतात. शाळा कशी चाललीय? घरापासून लांब राहवेल का? शेवटचं अपयश कुठलं? स्वभावाची ही चाचपणी वरवरची नसते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये दहापैकी सात वेळा बाद होणारा फलंदाजही उत्तम गणला जातो, आणि हायस्कूलचा नायक आयुष्यात त्याआधी कधी फारसा बाद झालेलाच नसतो. बिली बीन 1980 मध्ये न्यूयॉर्क मेट्सची पहिल्या फेरीतली निवड होता. धाव, फेक, ताकद, देखणा बांधा, सगळं होतं. मेजर लीगमध्ये तो 148 सामने खेळला, फलंदाजीची सरासरी .219. पुढे ओकलंड संघाचा जनरल मॅनेजर झाल्यावर त्याने हायस्कूलच्या पोरांपेक्षा आकडेवारी हाताशी असलेल्या कॉलेजच्या खेळाडूंना झुकतं माप दिलं.

त्या भेटीत आणखी एक प्रश्न असतो, तो शेवटी आणि हळूच येतो: किती रकमेवर सही कराल? पोराने एखाद्या विद्यापीठाला शब्द दिलेला असतो. शिष्यवृत्ती सोडायला लावेल एवढा बोनस देणं परवडणार नसेल, तर निवड वाया जाते.

कधी आडवं येतं ते नुसतं हवामान. न्यू जर्सीत एप्रिलपर्यंत गारठा आणि पाऊस. तिथली पोरं फ्लोरिडातल्या पोरांच्या मानाने फार कमी सामने खेळतात. माइक ट्राउट तिथल्या मिलविल गावचा. एंजल्स संघाचे स्काउट ग्रेग मोरहार्ट एकेकाळी ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, खेळलेले होते, आणि पोराबद्दल त्यांची खात्री पक्की होती. 2009 च्या ड्राफ्टमध्ये ट्राउटचा नंबर 25 वा लागला. त्याच्या आधीची, 24 वी निवडही एंजल्सचीच होती आणि तिथे त्यांनी रँडल ग्रिचक हा दुसराच हायस्कूलचा पोरगा घेतला. ट्राउट पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

उलट बाजूही आहे. ब्रायन टेलर हा डावखुरा हायस्कूल पिचर 1991 मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाने सर्वांत आधी निवडला आणि साडेपंधरा लाख डॉलर मोजले. 1993 च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत त्याचा खांदा गेला. मेजर लीगचं मैदान त्याला दिसलंच नाही. कोवळ्या हाताची ही धास्ती इतकी, की उजव्या हाताचा हायस्कूल पिचर आजवर कुणीही पहिल्या क्रमांकावर निवडलेला नाही. मेजर लीगने 2024 च्या डिसेंबरमध्ये दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यातही वेगाच्या हव्यासावर बोट ठेवलेलं आहे. म्हणजे जाळीमागे वर जाणाऱ्या त्या गनही या दुखण्यात सामील आहेत.

आता चेंडूची फिरकी आणि बॅटवरून सुटण्याचा वेग यंत्रं मोजतात, आणि काही संघांनी स्काउट कमी केले आहेत. नुसत्या आकड्यावर विसंबण्याचा एक प्रयोग भारतातही झाला. 2008 च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत रडार गनवर उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पुढे आले. पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. हातात वेग होता; खेळ मात्र श्रीगणेशापासून शिकायचा होता. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणी पोचलं नाही.

स्काउटांच्या गप्पांत आजही 1992 चा विषय निघतो. मिशिगनमधल्या कॅलामझूच्या शाळेत डेरेक जेटर नावाचा काटकुळा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचे स्काउट हॅल न्यूहाउझर त्याच्यासाठी अडून बसले होते. 1944 आणि 1945 अशी लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस. पण पोरगा फार पैसे मागेल या धास्तीने ह्यूस्टनने कॉलेजचा फिल नेविन घेतला. न्यूहाउझर यांनी नोकरी सोडली. पुढच्या चार संघांनीही कॉलेजचेच खेळाडू निवडले. सहाव्या नंबरवर यांकीजनी, स्काउट डिक ग्रोच यांच्या शब्दावर, जेटरला उचललं आणि आठ लाख डॉलरवर त्याची सही मिळवली.

1993 मध्ये ग्रीन्सबरोच्या मायनर लीग संघात जेटरने शॉर्टस्टॉपवर 56 चुका केल्या. ग्रोच यांचा अहवाल त्या वेळी कुणी काढून वाचला असता, तर हसला असता. 1996 मध्ये जेटर लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये यांकीजनी वर्ल्ड सीरिज जिंकली.