राखीव डेटाबेस सर्व्हरवरील रिप्ले खरोखर थांबला आहे काय? : पोस्टग्रेएसक्यूएलच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयांतील प्रवेश, परीक्षा, शुल्क आणि ग्रंथालय यांचे व्यवहार आज मोठ्या प्रमाणात संगणकीय डेटाबेसवर अवलंबून आहेत. या माहितीचे मोल जाणणारी संस्था एकाच सर्व्हरवर विसंबून राहत नाही. प्रमुख सर्व्हरच्या जोडीला ती एक राखीव सर्व्हर ठेवते. पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त-स्रोत डेटाबेस प्रणालीत अशा राखीव सर्व्हरवर माहिती वाचण्याची सोय २०१० साली आवृत्ती ९.० मध्ये आली, तर राखीव सर्व्हरवरील 'रिप्ले' आज्ञेने थांबविण्याची सोय २०११ साली आवृत्ती ९.१ मध्ये आली. आज्ञा दिल्यानंतर रिप्ले प्रत्यक्षात थांबला की नाही हे कसे ओळखावे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रिप्ले म्हणजे काय?

वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना ही संकल्पना परकी वाटू नये. व्यापारी प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर त्यावरून खतावणी करतो. पोस्टग्रेएसक्यूएलही प्रत्येक बदल प्रथम 'वॉल' नावाच्या नोंदवहीत क्रमाने लिहिते व मग मूळ तक्त्यांत उतरविते. प्रमुख सर्व्हर ही रोजकीर्द राखीव सर्व्हरकडे सतत पाठवीत असतो आणि तेथील 'स्टार्टअप' नावाची एकच प्रक्रिया एकेक नोंद वाचून ती आपल्या तक्त्यांना लागू करते. या खतावणीलाच रिप्ले म्हणतात. येथे दोन स्वतंत्र कामे आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे : नोंदी स्वीकारणारी प्रक्रिया वेगळी आणि त्या लागू करणारी वेगळी. रिप्ले थांबविला तरी नोंदी येतच राहतात.

रिप्ले थांबविण्याची गरज मुख्यतः दोन प्रसंगी पडते. एक, लांबलचक अहवाल तयार होत असताना आकडे हलू नयेत म्हणून. दुसरी, प्रमुख सर्व्हरवर एखादी घोडचूक घडल्यास ती राखीव प्रतीत उतरू नये म्हणून.

आज्ञा आणि अवस्था

थांबविण्याची आज्ञा 'पीजी_वॉल_रिप्ले_पॉज' या फंक्शनने दिली जाते. आवृत्ती १० पूर्वी (म्हणजे २०१७ पूर्वी) याच फंक्शनच्या नावात 'वॉल'ऐवजी 'एक्सलॉग' हा शब्द होता. हे फंक्शन तत्काळ परत येते. परंतु त्याने केलेले काम एवढेच असते की, सामायिक स्मृतीत 'थांबावे' अशी खूण नोंदविली जाते. स्टार्टअप प्रक्रिया ही खूण एका नोंदीचे काम संपवून पुढची हाती घेताना पाहते. हाती असलेली नोंद ती अर्धवट सोडत नाही.

खरी फसगत पुढे होते. 'पीजी_इज_वॉल_रिप्ले_पॉज्ड' या फंक्शनचे नाव वाचून कोणीही असे समजेल की, ते रिप्ले थांबला आहे काय या प्रश्नाचे उत्तर देते. वस्तुतः ते थांबण्याची आज्ञा दिली गेली आहे काय, एवढेच सांगते. प्राचार्यांनी परिपत्रक काढले आणि परिपत्रकाची अंमलबजावणी झाली, या दोन विधानांत जेवढे अंतर आहे तेवढेच येथे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे नामकरण सदोष आहे. मात्र जुन्या प्रोग्रॅमना बाधा नको म्हणून ते फंक्शन आजही त्याच अर्थाने कायम आहे.

हे अंतर सहसा क्षणमात्र असते, पण नेहमीच नाही. समजा, परीक्षा विभागाचा एक प्रदीर्घ निकाल-अहवाल राखीव सर्व्हरवर चालू आहे आणि त्याला हव्या असलेल्या जुन्या ओळी काढून टाकणारी एक नोंद प्रमुख सर्व्हरकडून आली. येथे संघर्ष उद्भवतो. स्टार्टअप प्रक्रिया अहवालासाठी काही काळ थांबून राहते. 'मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले' या मापदंडाने ठरणारी ही मर्यादा मूळ मांडणीत ३० सेकंदांची असते. नेमक्या याच वेळी कोणी रिप्ले थांबविण्याची आज्ञा दिली, तर वरील फंक्शन 'होय' असे उत्तर देईल. तरीही मर्यादा संपताच अहवाल रद्द होईल, ती नोंद लागू होईल आणि त्यानंतरच रिप्ले थांबेल. ज्या अहवालाच्या रक्षणासाठी आज्ञा दिली, तोच हातचा जातो. मापदंड उणे १ ठेवलेला असल्यास प्रतीक्षेला मर्यादाच नसते. अहवाल संपेपर्यंत खरा विराम येत नाही.

नोंदी मुद्दाम विलंबाने लागू करणाऱ्या राखीव सर्व्हरची गोष्ट निराळी आहे. 'रिकव्हरी_मिन_अप्लाय_डिले' तीन तासांचा ठेवला असून ११ वाजता प्रमुख सर्व्हरवर गुणांचा तक्ता चुकीने बदलला गेला, तर दोन वाजेपर्यंत ती चूक राखीव प्रतीत उतरत नाही. मधल्या वेळात थांबण्याची आज्ञा दिली तरी स्टार्टअप प्रक्रिया पुढील व्यवहाराची वेळ येईपर्यंत निद्रिस्तच असू शकते. जागी झाल्यावर ती नोंद लागू करण्यापूर्वी पुन्हा खूण पाहते व थांबते. येथे विरामाची पुष्टी उशिरा मिळते, पण माहिती सुरक्षित राहते.

तीन उत्तरांचे फंक्शन

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्ती १४ मध्ये 'पीजी_गेट_वॉल_रिप्ले_पॉज_स्टेट' हे फंक्शन आले. त्याची उत्तरे तीन आहेत : 'नॉट पॉज्ड' म्हणजे विराम मागितलेलाच नाही, 'पॉज रिक्वेस्टेड' म्हणजे मागितला आहे, पण अद्याप अमलात आलेला नाही, आणि 'पॉज्ड' म्हणजे प्रत्यक्ष विराम. ही शेवटची अवस्था स्टार्टअप प्रक्रिया स्वतः नोंदविते, म्हणूनच ती विश्वसनीय आहे. याच आवृत्तीत, नव्या नोंदींची वाट पाहत रिकामी बसलेली असतानाही ही प्रक्रिया खूण तपासू लागली. त्यामुळे शांत काळातही पुष्टी लवकर मिळते.

तेव्हा योग्य रीत अशी : आज्ञा द्यावी, 'पॉज्ड' हे उत्तर येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने अवस्था विचारीत राहावे आणि त्यानंतरच 'पीजी_लास्ट_वॉल_रिप्ले_एलएसएन' या फंक्शनने शेवटच्या लागू नोंदीचे स्थान टिपून घ्यावे. आधी टिपलेले स्थान एखाद्या नोंदीने मागे पडलेले असू शकते. प्रतीक्षेला कालमर्यादा घालावी. ती उलटल्यास संघर्ष की विलंब, याचा शोध घ्यावा.

आवृत्ती १३ ची अधिकृत देखभाल नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. ती वा तिच्याही आधीची आवृत्ती वापरणाऱ्यास हे फंक्शन उपलब्ध नाही. असे व्यवस्थापक लागू नोंदीचे स्थान काही सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहतात व ते न हलल्यास विराम झाला असे मानतात. हा पुरावा दुबळा आहे. प्रमुख सर्व्हरवर काहीच घडत नसेल, संपर्क तुटला असेल, संघर्षाची प्रतीक्षा चालू असेल किंवा विलंब लावलेला असेल, तरी स्थान स्थिरच दिसते. स्वीकारलेल्या नोंदींचे स्थान पुढे सरकत असून लागू नोंदींचे स्थिर आहे, असे दिसल्यास पहिल्या दोन शक्यता बाद होतात. उरलेल्या दोन मात्र राहतातच.

विराम मिळाल्यानंतर

विराम सिद्ध झाला तरी देखरेख संपत नाही. नोंदी येऊन साठत राहतात आणि विराम लांबल्यास डिस्क भरू शकते. हाच राखीव सर्व्हर समकालिक असून प्रमुख सर्व्हरवर 'सिंक्रोनस_कमिट' हा मापदंड 'रिमोट_अप्लाय' ठेवला असेल, तर परिणाम अधिक गंभीर होतो : नोंद राखीव प्रतीत लागू झाल्याशिवाय प्रमुख सर्व्हरवरील व्यवहार पूर्ण होत नाही, म्हणून इकडचा विराम तिकडचे कामकाज अडवून ठेवतो. विराम चालू असताना राखीव सर्व्हरला प्रमुखपद दिले, तर विराम आपोआप संपतो व साठलेल्या नोंदी लागू होतात. चुकीच्या बदलापासून माहिती वाचवू पाहणाऱ्याने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तसेच विरामाची खूण केवळ स्मृतीत असते. राखीव सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्यास ती उरत नाही आणि रिप्ले पूर्ववत सुरू होतो. त्यामुळे वीजपुरवठा खंडित होऊन सर्व्हर पुन्हा चालू झाला असल्यास आज्ञा नव्याने द्यावी लागते आणि 'पॉज्ड' हे उत्तर पुन्हा मिळवावे लागते.