लखनौच्या कामाला लखनौचा हात

सकाळी ६

कीर्द आणि पावतीपुस्तक घेऊन बसायची ही वेळ. गणपती जवळ आले की मंडळाचा दिवस लवकर सुरू होतो. काल आलेल्या देणग्या वहीत चढवते, यूपीआयवर आलेली रक्कम बँकेच्या नोंदीशी जुळवते आणि प्रत्येकाला पावती व आभाराचा निरोप धाडते. हे झाल्याशिवाय नव्या माणसाकडे मागायला जायचं नाही, असा आमच्या खजिनदारकाकांचा शिरस्ता आहे. काका रेल्वेतून निवृत्त झाले, पण हिशेबातली त्यांची शिस्त निवृत्त झाली नाही.

आमचं मंडळ लहान आहे. नोकरीधंद्यासाठी लखनौला आलेली आणि इथलीच होऊन गेलेली काही मराठी घरं त्यात आहेत. आम्ही गणेशोत्सव करतो. शिवाय वर्षभर वस्तीतल्या मुलांसाठी गायन-तबल्याचा मोफत वर्ग आणि एक छोटं वाचनालय चालवतो. उत्सवाला पैसे येतात, वर्गासाठी मात्र दारोदार जावं लागतं. माझा बहुतेक दिवस त्यातच जातो.

सकाळी ८

वर्गाकडे चक्कर. आज तबल्याची शिकवणी आहे. एका डग्ग्याची पुडी फाटली आहे आणि हार्मोनियमचा भाता हवा धरत नाही. मी दोन्हींचे फोटो काढते आणि दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी अंदाज मागवते. ‘वाद्यांसाठी मदत हवी’ असं मोघम मागितलं की माणूसही मोघमच देतो. कोणतं वाद्य, कशासाठी, किती रुपये, हे कागदावर दिसलं की बोलणं पुढे सरकतं.

हजेरीपट पाहते. वर्गात मराठी आडनावं थोडीच आहेत. बाकी मुलं आजूबाजूची आहेत. कुणाचे वडील ई-रिक्षा चालवतात, कुणाची आई घरी चिकनचं भरतकाम करते. मला हा हजेरीपट मंडळाच्या नोंदणीपत्राइतकाच मोलाचा वाटतो. आम्ही कुणासाठी मागतो, याचं उत्तर त्यात आहे. मुलांचे फोटो छापील पत्रकात घालायचे तर पालकांची लेखी संमती आधी घेतो. मदत मिळावी म्हणून कुणाच्या लेकराची गरिबी फलकावर लावायची नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलेलं आहे.

सकाळी १०

सीएंच्या कचेरीत. महाराष्ट्रात संस्था म्हटली की धर्मादाय आयुक्त आठवतात. इथे संस्थेची नोंद १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली निबंधकांकडे होते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. ते चुकलं की पुढची सगळी दारं बंद होतात. म्हणून नूतनीकरणाची तारीख फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली आहे. आतमध्ये पॅन, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित जमाखर्च आणि रद्द केलेला एक धनादेश.

सीए पुन्हा बजावतात, “दो हज़ार से ऊपर नक़द लीजिए तो दाता को साफ़ बता दीजिए, छूट नहीं मिलेगी.” नियम तसाच आहे. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली, तर त्या देणगीवर ८०जीची वजावट मिळत नाही. शिवाय ज्यांनी प्राप्तिकराची नवी पद्धत स्वीकारली आहे, त्यांना ही वजावट मुळातच नाही. पगारदार मंडळींना मी हे आधीच सांगून टाकते. करबचतीच्या आशेने दिलेला पैसा पुढच्या वर्षी रुसतो. पटलं म्हणून दिलेला पैसा फिरून येतो. संस्थेलाही देणग्यांचं विवरण १०बीडी नमुन्यात ३१ मेपर्यंत भरावं लागतं. त्यावरूनच देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. वर्षभर पावत्या नीट लिहिल्या असतील, तर मे महिन्यात कुणाची विनवणी करावी लागत नाही.

सकाळी ११.३०

कैसरबाग. भातखंडे संस्कृती विश्वविद्यालयात शिकणारी एक मुलगी आमच्या वर्गावर आठवड्यातून एकदा शिकवायला तयार आहे, तिला भेटायचं आहे. पैशाइतकाच वेळही मागावा लागतो.

ती येईपर्यंत मी आवारात थांबते. ज्याला लखनौत सामाजिक कामासाठी पाठबळ मागायचं आहे, त्याने ही संस्था कशी उभी राहिली ते एकदा नीट समजून घ्यावं. विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरला १८६० साली जन्मले. शिक्षणाने वकील. देशभर फिरून त्यांनी बंदिशी गोळा केल्या आणि रागांची व्यवस्था लावली. आपलं मोठं शास्त्रीय लेखन त्यांनी मराठीत केलं. संगीताची शाळा उभारायची तर राजाश्रय हवा, हे ओळखून त्यांनी आधी संस्थानिकांचे दरवाजे ठोठावले. १९१६ साली बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या पाठबळावर संगीत विद्यालय निघालं. दुसरी परिषद दिल्लीला, तिसरी बनारसला झाली. चौथी १९२४ साली लखनौला भरली आणि पाचवीही इथेच.

बडोदं आणि ग्वाल्हेर ही मराठी दरबारांची ठिकाणं. लखनौत तसा कोणताच आधार नव्हता. इथे त्यांच्यामागे उभे राहिले ते अवधचेच लोक. दरियाबादचे तालुकदार राय उमानाथ बली, प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि अकबरपूरचे राजा नवाब अली. नवाब अलींनी तर भातखंड्यांची पद्धत उर्दूत आणणारा ‘मआरिफ़ुन्नग़मात’ हा ग्रंथ लिहिला. १६ सप्टेंबर १९२६ रोजी गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते महाविद्यालयाचं उद्घाटन झालं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी प्राचार्य म्हणून ते वाढवलं. लखनौचे तलत महमूद इथे शिकले, संगीतकार रोशन इथे शिकले. १९६६ साली ते राज्य सरकारकडे गेलं आणि भातखंड्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. पाठबळ देणाऱ्यांना आपल्याच गावात उभं राहिलेलं, आपल्याच मुलांना शिकवणारं काम दिसत होतं. एका मुंबईकराच्या मागे अवधचे तालुकदार उभे राहिले, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

मुलगी येते, दर शनिवारी यायचं कबूल करते. जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देणार. तेही लिहून ठेवते.

दुपारी १.३०

चौक. गोल दरवाज्याच्या आतल्या सराफ्यात मराठी हमखास कानावर पडते. खानापूर-आटपाडी-विटा भागातली गलाईवाली मंडळी सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दुष्काळाने गाव सोडायला लावलं, भट्टीने पोट भरलं. लखनौत गणपतीसाठी मोकळ्या हाताने देणारी माणसं म्हणजे हीच.

“या ताई, बसा. च्या घ्या,” म्हणत एक जुने शेठ पाटावरून उठतात. मी वर्गाचा विषय काढल्यावर थोडे थांबतात. “गनपतीला कवाबी मागा, न्हाई म्हननार न्हाई. पर गान्याच्या वर्गाचं आमाला काय?”

“शेठ, नातवंडं कुठं शिकतात?”

“हितंच. गावाकडं जातात सुट्टीपुरती.”

“मग त्यांचं गाव हेच झालं. गणपती अकरा दिवस येतो. वर्षभर या मुलांकडं कोण बघणार?”

ते हजेरीपटाची प्रत मागून घेतात. सावकाश वाचतात. मग म्हणतात, “आमच्या कारखान्यातल्या गड्यांची पोरं तुमच्याकडं येऊ शकत न्हाईत. लई लांब पडतं. रविवारी हितं चौकात वर्ग घ्या. जागा माझी, मास्तरचा पगार आमी चौघं-पाचजण मिळून बघतो.”

मी आकडा मागायला गेले होते, त्यांनी काम वाढवून दिलं. अशी अट घालणारा देणगीदार मला धनादेश फाडून मोकळ्या होणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो. समितीसमोर ठेवून रात्रीच कळवते, असं सांगून उठते.

पलीकडच्या गल्लीत चिकनचे एक वृद्ध व्यापारी आहेत. त्यांना मागच्या वर्षीचा जमाखर्च पाहायचा असतो. एकेक ओळीवर बोट फिरवत ते विचारतात, “इसमें हमारे मोहल्ले के बच्चे भी आ सकते हैं?”

“आते हैं, चचा. और अब इतवार को यहीं चौक में क्लास खोलने की बात चल रही है.”

तबल्याच्या मास्तरांचं तीन महिन्यांचं मानधन ते देऊ करतात. “नाम मत लिखिएगा.” पावतीवर नाव लागतंच, पण फलकावर घालणार नाही असा शब्द देते. या शहराला देण्याची सवय आहे. ज्येष्ठातल्या बड्या मंगळवारी रस्तोरस्ती भंडारे लागतात, पुरी-भाजी आणि सरबत वाटलं जातं. जेवणाऱ्याची जात-धर्म कुणी विचारत नाही. आमचं काम इतकंच की या सवयीला एक दिवसाच्या अन्नासोबत वर्षभराची शिकवणीही दिसावी.

दुपारी ४

हजरतगंजमार्गे मोटारीने गोमतीनगर, विभूतीखंड. काचेच्या इमारतीत एका कंपनीच्या सीएसआर अधिकारी बाईंची वेळ मिळाली आहे.

इथे बोलण्याची रीत वेगळी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. शिक्षण, कला-संस्कृतीचं संवर्धन, सार्वजनिक वाचनालयं ही कामं त्या यादीत बसतात. उत्सवाचा मांडव बसत नाही. कंपनीचा फलक लावून जाहिरातीचा लाभ मिळवायचा असेल, तर तो खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. पैसा घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी आणि निदान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा.

म्हणून मी दोन वेगळी पत्रं नेली आहेत. गणेशोत्सवाच्या प्रायोजकत्वाचं पत्र त्यांच्या मार्केटिंग विभागासाठी. त्यात मांडव कुठे, साधारण किती लोक येतात, फलक कुठे लागेल ते आहे. वर्गाचं आणि वाचनालयाचं पत्र सीएसआरसाठी. त्यात मुलं, वेळापत्रक, खर्चाची फोड आणि वर्षाअखेर काय मोजून दाखवू ते आहे. ही सरमिसळ केली की दोन्हीकडून नकार येतो.

बाई विचारतात, “तीन साल बाद यह क्लास किसके भरोसे चलेगी?” प्रश्न रास्त आहे. चौकातलं दुपारचं बोलणं मी त्यांना सांगते. जागा वस्तीची, मानधनाचा काही भाग वस्तीचा. कंपनीकडून वाद्यं, पुस्तकं आणि कपाटं, म्हणजे एकदा घेतली की राहणारी सामग्री. त्या टिपून घेतात. आश्वासन देत नाहीत. प्रस्ताव त्यांच्या समितीपुढे जाईल.

संध्याकाळी ७

समितीची बैठक. आज एक अवघड विषय आहे. पानमसाल्याच्या एका वितरकाने उत्सवाच्या रंगमंचाचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. रक्कम मोठी आहे, आणि यंदा मांडवाचं भाडंही वाढलं आहे.

एकजण म्हणतो, “धंदा कायदेशीर आहे, आपण का अडवायचं?” तंबाखूची जाहिरात आणि तंबाखूच्या नावाने प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने बंद केलं. त्यानंतर पानमसाला, वेलची यांच्या आडून तीच नावं भिंतींवर झळकू लागली. ज्या रंगमंचावर आमच्या वर्गातली मुलं गाणार, त्याच्या माथ्यावर ते नाव लागणार. त्यातल्या कितीतरी मुलांच्या घरात या पुड्यांनी काय केलं आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. खजिनदारकाका मोजकंच बोलतात, “पैसा परत करता येतो. फलक पाहिलेल्या मुलाचे डोळे नाही.” चर्चा संपते. वितरकांना नम्रपणे नकार कळवायचं ठरतं. मग उरलेला तासभर खर्च कापण्यात जातो. मांडव एका खणाने लहान करायचा, बाहेरचा वाद्यवृंद रद्द करायचा, त्या संध्याकाळी वर्गातल्या मुलांनाच बसवायचं.

रविवारच्या चौकातल्या वर्गाला सगळे एकमुखाने होकार देतात. शेठजींना फोन करते. ते म्हणतात, “मग पैल्या रविवारपासूनच धरा.”

रात्री ९.३०

पत्रं लिहायची. वितरकांना नकार, चचांना आभार, कंपनीला आजच्या भेटीचा गोषवारा. प्रत्येक पत्रात पुढच्या अहवालाची तारीख घालते. त्या दिवशी पैसा उरलेला असो वा संपलेला, अहवाल जाणारच. देणाऱ्याला वर्षातून एकदा, तेही मागतानाच भेटलं, तर तो आपल्याला याचक समजतो आणि त्यात त्याची चूक नसते. मध्ये दोनदा हिशेब घेऊन गेलं की तोच माणूस ‘आपल्या वर्गाचं काय चाललंय’ असं विचारू लागतो.

परगावी राहणारी आपली मंडळं बहुधा आपल्यातच वर्गणी काढतात आणि आपल्यासाठीच खर्च करतात. त्यात वावगं काही नाही. पण तेवढ्यावर थांबलं की मंडळ दहा-वीस घरांच्या खिशाएवढं राहतं. ज्या गावाचं अन्न खातो, त्या गावाच्या मुलांसाठी काम काढलं, तर मागायला सगळं गाव मोकळं होतं आणि मागताना मान खाली घालावी लागत नाही. उद्या चौकातल्या खोलीची मापं घ्यायची आहेत. सतरंज्या, एक तबलाजोडी, एक फळा. यादी तयार आहे आणि प्रत्येक वस्तूसमोर ती कुणाकडे मागायची त्याचं नावही लिहून झालं आहे.