स्थैतिक विश्लेषण, आज्ञावलींचे

स्थैतिक विश्लेषण, आज्ञावलींचे : संगणकाची आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता तिच्या लिखित संहितेची दुसऱ्या आज्ञावलीकरवी केलेली तपासणी. दोष शोधणे, लेखनाचे संकेत पाळले आहेत की नाहीत हे पाहणे आणि संहितेची जटिलता मोजणे, हे तिचे प्रमुख हेतू होत. नेहमीच्या चाचणीत आज्ञावलीला निवडक आदाने (तिला पुरविलेली माहिती) देऊन मिळणारे उत्तर पडताळतात. त्यामुळे खात्री होते ती त्या आदानांपुरतीच. ३२ बिटांच्या केवळ दोन संख्या स्वीकारणाऱ्या आज्ञावलीला संभवणारी आदाने १८ या आकड्यापुढे १८ शून्ये दिली असता होणाऱ्या संख्येहूनही अधिक असतात. ती सर्व तपासणे अशक्य आहे. स्थैतिक विश्लेषणात संहितेच्या रचनेवरून सर्व संभाव्य मार्गांविषयी एकत्रित अनुमान काढता येते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : संहिता वाचून दोष काढण्याचे काम प्रारंभी माणसेच करीत. आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये अशा वाचनाची शिस्तबद्ध पद्धती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये स्टीफन सी. जॉन्सन यांनी ‘लिंट’ ही तपासनीस आज्ञावली तयार केली. सी भाषेतील संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे तत्कालीन कंपायलर पुष्कळशा संशयास्पद रचना मुकाट्याने स्वीकारीत. लिंट त्या वेचून दाखवी. कपड्याला चिकटणाऱ्या तंतूंच्या केरावरून तिला हे नाव मिळाले. १९७७ मध्ये पॅट्रिक कूझो व रादिया कूझो यांनी फ्रान्समध्ये ‘अमूर्त अर्थघटना’चा सिद्धांत मांडला आणि या विषयाला भक्कम गणिती पाया लाभला.

पद्धती : सर्वांत साधी पद्धती आकृतिबंध ओळखण्याची आहे. संहितेचे व्याकरणदृष्ट्या पृथक्करण करून तीत सदोष म्हणून माहीत असलेल्या रचना शोधल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत एका विधानाकडून कोणत्या विधानांकडे जाता येते याचा आलेख काढतात व त्यावरून चलांच्या मूल्यांचा माग घेतात. मूल्य देण्यापूर्वीच वापरलेला चल किंवा कधीच अंमलात न येणारे विधान यामुळे सापडते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या उपकरणांत उघडकीस आलेला सुरक्षादोष याच जातीचा होता. ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेल्यामुळे तिच्यापुढील महत्त्वाची पडताळणी कधीच होत नव्हती. अशा विधानांपर्यंत पोहोचताच येत नाही, हे विश्लेषकाला सहज सांगता येते.

तिसऱ्या, म्हणजे अमूर्त अर्थघटनाच्या, पद्धतीत चलाच्या नेमक्या मूल्याऐवजी त्याच्या संभाव्य मूल्यांच्या मर्यादा विचारात घेतात. उदा., एक चल ० ते १०० आणि दुसरा ० ते ५० या मर्यादेत असेल, तर त्यांची बेरीज ० ते १५० या मर्यादेत राहील. ही बेरीज १२० घरांच्या कोष्टकातील घराचा क्रमांक म्हणून वापरली असल्यास कोष्टकाबाहेर जाण्याचा संभव आहे, हे आज्ञावली न चालविताच कळते.

उपयोग : ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून सुटलेले एरियान–५ हे अग्निबाण-वाहन उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित करताना ती ३२,७६७ या कमाल मर्यादेपलीकडे गेली होती. हा भाग एरियान–४ या आधीच्या वाहनाकडून घेतलेला होता व तेथे तो निर्दोष चालत असे. नव्या वाहनाचा मार्ग व वेग मात्र वेगळे होते. या अपघातानंतर वाहनाच्या आज्ञावलीच्या तपासणीसाठी स्वयंचलित स्थैतिक विश्लेषणाचा अवलंब करण्यात आला. पॅरिसमध्ये विकसित झालेल्या ‘आस्त्रे’ या विश्लेषकाने २००३ मध्ये एअरबस ए–३४० विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाची सी भाषेतील १,३२,००० ओळींची संहिता तपासली आणि तीत अंमलबजावणीच्या वेळी उद्‌भवणारे विशिष्ट प्रकारचे दोष नाहीत, असे सिद्ध केले. अर्थात नियंत्रणाचे मूळ सूत्रच योग्य आहे की नाही, हे अशा सिद्धतेवरून ठरत नाही.

मर्यादा : कोणतीही आज्ञावली केव्हातरी थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसामान्य रीत असू शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखविले. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये हा निष्कर्ष आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या इतर प्रश्नांनाही व्यापक रूपात लागू केला. परिणामी प्रत्येक विश्लेषकाला तडजोड करावी लागते. एकही दोष सुटू नये अशी रचना केली, तर निर्दोष संहितेविषयीही खोटे इशारे मिळतात. ते टाळले, तर काही खरे दोष निसटतात. ओपनएसएसएल या प्रणालीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. त्याद्वारे दर विनंतीस संगणकाच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटांपर्यंत गुप्त माहिती बाहेर काढता येई. संहिता सर्वांना खुली असूनही हा दोष दोन वर्षांहून अधिक काळ तीत टिकून होता आणि प्रचलित विश्लेषकांच्या तपासणीतूनही निसटला होता.

गुणवत्तेचे मापन : टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये ‘चक्रीय जटिलता’ हे माप सुचविले. एखाद्या उपआज्ञावलीतील निर्णयबिंदूंच्या संख्येत एक मिळविला असता हे माप मिळते. ते १० च्या आत असावे, अशी त्यांची सूचना होती. मॉरिस हॉलस्टेड यांनी १९७७ मध्ये क्रियाचिन्हे व त्यांची पदे यांच्या गणनेवर आधारलेली मापे मांडली. अशा आकड्यांमुळे कोणता भाग आधी तपासावा हे कळते. परंतु ते गुणवत्तेचे लक्षण आहेत, गुणवत्ता नव्हेत. एका मोठ्या उपआज्ञावलीचे यांत्रिकपणे दहा तुकडे केल्यास प्रत्येकाचे माप घटते, पण संहिता समजण्यास सोपी होतेच असे नाही. आकडा खाली आणणे हेच उद्दिष्ट ठरले, तर त्याचे माप म्हणून असलेले मोल नाहीसे होते.

सुधारणा : इशारा मिळाल्याने संहिता सुधारत नाही, तो वाचून कोणीतरी दुरुस्ती केली, तरच ती सुधारते. फेसबुक कंपनीतील अभियंत्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. रात्री संपूर्ण संहिता तपासून दोषांची यादी नंतर संबंधितांना दिली, तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. तेच विश्लेषण, बदल करणाऱ्याने आपले काम सहकाऱ्यांपुढे परीक्षणार्थ ठेवताच त्याला दाखविले, तेव्हा ते प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. म्हणून जुन्या संहितेतील सर्व इशारे एकदम न मांडता नव्या बदलांमुळे निर्माण झालेले इशारे आधी दाखविणे, खोट्या इशाऱ्यांचे नियम वगळणे आणि दाबून टाकलेल्या प्रत्येक इशाऱ्याचे कारण नोंदविणे इष्ट ठरते. खोट्या इशाऱ्यांचा भडिमार झाल्यास वाचणारा खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो.

भारतात या विषयावर संशोधन झाले आहे. पुणे येथे १९८१ मध्ये स्थापन झालेले टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र आणि मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्था त्यांत प्रमुख आहेत. मुंबईच्या संस्थेतील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला चलमूल्यांच्या प्रवाहाच्या विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.