सरकारी विद्यावेतन संपल्यावर हाती काय उरते?

मिरजेच्या एका वस्तीत संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या एका आईने आम्हाला विचारले, "पोरगं अकरा महिने हापिसात गेलं. बँकेत पैसं आलं, खोटं कशाला बोलू? पर आता ते घरातच हाय. आता पुढं काय?"

मुलगा घरातला पहिला पदवीधर. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून तो एका शासकीय कार्यालयात रुजू झाला, तेव्हा आईने शेजारी पेढे वाटले होते. नोकरी लागली, असेच घरात सर्वांनी धरले होते. आज सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील अनेक घरांत हाच प्रश्न आहे, म्हणून आम्ही तो वाचकांपुढे मांडत आहोत.

आपल्या आधीच्या पिढीने सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले, कार्डाचे नूतनीकरण केले आणि 'कॉल' येण्याची वाट पाहत वर्षे काढली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या कार्यालयांची सुरुवात त्याच काळातली. पुढे राज्य शासनाने १९७४ साली रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम सुरू केला. त्यात सुशिक्षित बेकाराला कारखान्यात काम शिकायला पाठवायचे आणि विद्यावेतन शासनाने द्यायचे, अशी व्यवस्था होती. तेव्हा तरुणाच्या कामाचा मोबदला सरकारने भरावा, ही कल्पना नवी नाही. २०२४ साली आलेली योजना तिचेच मोठे रूप होय.

या योजनेत १८ ते ३५ वयाच्या तरुणांना घेतले. बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होत. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती. २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने केली. नंतर 'आम्हाला कायम करा' म्हणून हे तरुण रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप आम्हाला समजतो. पण योजनेचा कागद पहिल्या दिवसापासून वेगळेच सांगत होता. हा उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कर्मचारी नाही. त्याला किमान वेतनाचा, भविष्य निर्वाह निधीचा वा कामगार विम्याचा कायदा लागू नाही. हे घरी कोणी समजावून सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

सरकारी पैशाने काम दिले की मागे काय उरते, हे पाहायला सांगलीकरांना दूर जायला नको. रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग १९६५ साली वि. स. पागे यांच्या प्रेरणेने याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. आपल्या आयाबायांनी त्या कामांवर माती वाहिली, खडी फोडली. त्यांची रोजी थांबली, पण पाझर तलाव राहिले, बांध राहिले, रस्ते राहिले. तरुणाच्या बाबतीत तलावाच्या जागी काय राहायला हवे? हातातली कला, शिक्क्याचे प्रमाणपत्र आणि स्वतःच्या नावाचे भविष्य निर्वाह निधीचे खाते. यांपैकी काहीच उरले नाही, तर सरकारचा पैसाही गेला आणि आपल्या मुलाच्या उमेदीचे वर्षही गेले.

शिकाऊ उमेदवारीकडे दुर्लक्ष नको

ज्यांची मुले आय.टी.आय. करीत आहेत, त्यांनी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा समजून घ्यावा. तीस वा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. विद्यावेतनातला पंचवीस टक्के वाटा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. परीक्षा पास झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते. नोकरी देण्याचे बंधन येथेही नाही. पण रिकाम्या हाताने परत यावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राच्या या सवलती खुल्या झाल्या. किर्लोस्करवाडी असो, कुपवाड असो, साताऱ्याची वा शिरवळची एम.आय.डी.सी. असो, जातीचा दाखला तयार ठेवून तेथील राखीव जागांची चौकशी करणारे पालक किती, हे आपले आपणच मोजावे.

आपल्यातील कारखानदारांस

आपल्या समाजातील काही बंधू-भगिनी आता स्वतः लेथ चालवतात, फॅब्रिकेशनची शेड टाकतात, छपाई वा शिवणकामाचे युनिट चालवतात. ते आम्हाला म्हणतात, "पोरांना घ्यायला हरकत नाही, पण पी.एफ. परवडत नाही." त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडतो.

१ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना लागू झाली आहे. ३१ जुलै २०२७ पर्यंत नव्याने दिलेल्या नोकऱ्या तिच्यात बसतात. पन्नासपेक्षा कमी माणसे असतील तर किमान दोन, पन्नास वा अधिक असतील तर किमान पाच माणसे जादा घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकवावी लागतात. दहा हजारांच्या वर वीस हजारांपर्यंत पगार असेल, तर मालकाला प्रत्येक जादा माणसामागे दरमहा २,००० रुपये मिळतात. मुदत दोन वर्षे. उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना चार वर्षे.

आता १५,००० रुपये पगाराचा मुलगा धरा. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून सुमारे तेरा टक्के होतात, म्हणजे १,९५० रुपये. सरकार देते २,०००. ज्या खर्चाच्या भीतीने आपण मुलाचे नाव हजेरीपटावर घेत नव्हतो, तो जवळजवळ सगळा सरकार उचलते. शिवाय पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या मुलाला एक महिन्याच्या पगाराइतकी, जास्तीत जास्त १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. मात्र नाव भविष्य निर्वाह निधीच्या दफ्तरी नोंदलेले पाहिजे. वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या छोट्या कारखान्यालाही स्वखुशीने ही नोंदणी करता येते.

एक इशारा द्यावासा वाटतो. अनुदान असेपर्यंत मुले ठेवायची आणि संपले की नवी आणायची, हा धंदा आपल्या माणसांनी तरी करू नये. दोन वर्षांत मुलगा यंत्रावर तयार होतो. तयार माणूस घालवून पुन्हा कच्चा माणूस घेणे हिशेबातही तोट्याचेच आहे.

पहिल्याच दिवशी विचारा

आईवडिलांनी चार गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्यात. मुलगा वा मुलगी प्रशिक्षणार्थी म्हणून घेतली की कर्मचारी म्हणून? मुदत किती? काम कोण शिकवणार? प्रमाणपत्र कोण व कधी देणार? कर्मचारी असेल तर भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा आणि पैसे जमा होतात की नाही, ते मोबाईलवर दर महिन्याला पाहावे. मुलींच्या बाबतीत येण्याजाण्याची सोय आणि कामाची वेळही विचारावी. असे विचारण्यात कमीपणा नाही.

त्या आईच्या मुलाला आम्ही शेवटी विचारले, "अकरा महिन्यांत काय शिकलास?" तो म्हणाला, "आवक-जावक नोंद करतो, संगणकावर मराठी पत्रं टंकतो, ऑनलाइन अर्ज भरून देतो." आणि प्रमाणपत्र? ते आणायला तो गेलाच नव्हता. "नोकरी नाही तर कागद काय करायचाय," असे त्याला वाटले होते.

आई आमच्याकडे पाहत होती. आम्ही त्याला म्हटले, "उद्या सकाळी आधी ते घेऊन ये. मग अर्ज लिहायला बसू."

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते.