अंथरुणा-पांघरुणांचे फडताळ

जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत कोरलेले फडताळ असो, की शहरातील सदनिकेत दारामागे उरलेले, रिकामे डबे आणि मोडक्या छत्र्या यांनाच वर्षानुवर्षे वाहिलेले कपाट असो, त्याचे घरातील चादरी, अभ्रे, पंचे आणि गोधड्या यांच्यासाठी व्यवस्थित कोठार करावयाचे म्हणजे सुताराला पाचारण करून मोठी रक्कम खर्ची घातलीच पाहिजे, असा समज बहुतेक कुटुंबांत रूढ आहे. वस्तुतः आपल्याकडे, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर विशेषच, या कामातला पहिला प्रश्न ओलीचा असतो. ज्या भिंतीला ओल आहे तिच्या पोटात सागवानी फळ्या बसविल्या, तरी भाद्रपदापर्यंत चादरींवर बुरशीचे करडे ठिपके दिसल्यावाचून राहत नाहीत.

म्हणून फडताळ पूर्ण रिकामे करावे, आणि प्लास्टिकच्या कागदाचा वीतभर तुकडा आतल्या भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवून दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या अंगाला पाणी साचले, तर ओल भिंतीतूनच झिरपत आहे, पलीकडच्या न्हाणीघराचा नळ किंवा बाहेरच्या गिलाव्याची भेग यांपैकी एखादे कारण शोधून त्याचा बंदोबस्त आधी करणे प्राप्त आहे, असे समजावे. पाणी खोलीकडच्या अंगाला जमले, तर दोष कोंडलेल्या हवेचा आहे, आणि दाराला वर-खाली काही भोके पाडल्याने तो पुष्कळसा दूर होतो. भिंत कोरडी ठरल्यावर आतून चुन्याची सफेदी द्यावी. ती अल्पखर्ची तर आहेच, पण चुन्याच्या क्षारधर्मामुळे बुरशीला तेथे सहजासहजी थारा मिळत नाही. ओलसर भिंतीवर दिलेल्या तैलरंगाला मात्र लवकरच फोड येतात.

फळ्यांच्या बाबतीत माझा आग्रह सलग फळीपेक्षा पट्ट्यांचा आहे. मालाची लाकडी खोकी मोडून निघालेल्या, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी घासाघीस करून घेतलेल्या पट्ट्या बोटभर अंतर सोडून आडव्या ठोकल्या, म्हणजे हवा खालून वर खेळती राहते आणि लाकूडही कमी लागते. घेताना बारीक छिद्रे आणि त्यांतून गळणारे पीठ दिसले, तर ते लाकूड फुकट मिळाले तरी घरात आणू नये, कारण ती भुंग्यांची वस्ती असते. पट्ट्या काचकागदाने घासून, चांगले ऊन देऊन बसवाव्यात, दोन खणांत सुमारे 12 ते 14 इंच उंची ठेवावी, आणि कपड्यांची चळत मागच्या भिंतीपासून दोन बोटे दूर राहील अशी तजवीज करावी. कच्च्या लाकडातील आम्लामुळे सुती कापडावर कालांतराने पिवळे डाग पडतात. यास्तव पट्ट्यांवर धुतलेल्या जुन्या धोतराचे किंवा चादरीचे कापड अंथरावे. वर्तमानपत्राचा कागदही स्वतः आम्लयुक्त असल्याने तो येथे उपयोगाचा नाही.

आता कपड्यांची मोजदाद. दर बिछान्यामागे एक जोड वापरात, एक धुण्यात आणि एक फडताळात, असे तीन जोड पुरतात, पावसाळ्यात वाळवणाची अडचण म्हणून चौथा. त्याहून अधिक जे असेल त्याचा निकाल फडताळ भरण्यापूर्वीच लावावा. चादर घडी करून तिच्याच अभ्र्यात घातली, की जोड फुटत नाही. धुऊन आलेला जोड चळतीच्या तळाशी सारावा आणि वापरावयाचा वरून घ्यावा, म्हणजे सर्वांची झीज सारखी होते. सोलापुरी चादरी आणि गोधड्या यांचे वजन खालच्या खणाला द्यावे. गोधडी मात्र जुन्या लुगड्यांच्या अनेक थरांची असल्याने ओल धरते, तेव्हा कडक उन्हाखेरीज ती आत जाता कामा नये. खळ दिलेले कापड दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास खळ धुऊन काढावी, कारण रुपेरी कसर त्या खळीवरच येते. घोंगडी आणि लोकरी रग यांना पतंगाच्या अळ्यांचे भय असते, म्हणून ती झटकून, ऊन दाखवून, स्वतंत्र कापडी पिशवीत बांधावीत.

डांबरगोळ्यांची वाफ हवेहून जड असते. सबब त्या पुरचुंडीत बांधून सर्वांत वरच्या खणात ठेवाव्यात. परंतु तान्ह्या मुलांची दुपटी आणि पांघरुणे जेथे असतील तेथे त्यांना पूर्ण मज्जाव असावा: काही अर्भकांत जन्मजात एका विकराची उणीव असते, आणि या गोळ्यांच्या संसर्गाने त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होऊ शकतो. अशा घरांनी वेखंड आणि पूर्ण सुकविलेला कडुनिंबाचा पाला यांवर समाधान मानावे. त्यांचा प्रभाव सौम्य आहे, तेव्हा ते वरचेवर बदलावे लागतात, आणि ओला पाला तर मुळीच ठेवू नये. वैशाखात एकदा आणि पाऊस सरल्यावर आश्विनात एकदा सर्व खण रिकामे करून, दार दिवसभर उघडे टाकून, कपड्यांना ऊन द्यावे, आणि परत ठेवताना प्रत्येक घडी निराळ्या रेषेवर मोडावी.