पातेल्यातले आकाश

दिवाळीच्या फराळात केकला मान नाही, आणि तो असावा असा कुणाचा आग्रहही नाही. परंतु ऐन सणासुदीत वाढदिवस येणारी मुले घरोघर असतातच, आणि त्यांच्यापुढे नुसत्या करंज्या ठेवून आजकाल भागत नाही. त्यातून २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३चा 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात अलगद उतरला, तेव्हापासून मोटारीच्या किंवा बाहुलीच्या केकचे अप्रूप कमीच झाले आहे. बालगोपाळांना ग्रह हवेत, तारे हवेत!

असा केक बाजारात मिळतो, पण त्यात दोन अडचणी असतात. त्याचा गडद रंग पुष्कळदा जिभेला कडवट लागतो आणि पाहुण्यांचे दात रंगवून जातो, ही एक. दुसरी अधिक महत्त्वाची. केकात अंडे असले की, अंडे न खाणाऱ्या आजी "तुमचं चालू द्या" म्हणून बाजूला सरतात. ज्या नातवाला त्यांनी सकाळी औक्षण केले, त्याच्याच केकचा तुकडा त्यांनी नाकारावा, हे काही बरे दिसत नाही. म्हणून हा केक बिनअंड्याचा, बिनरंगाचा आणि घरचा.

गंमत अशी की, ज्या अवकाशासाठी हा खटाटोप करावयाचा, तेथे भुसभुशीत पदार्थाची धास्तीच असते. २३ मार्च १९६५ रोजी 'जेमिनी-३' यानातून जाताना जॉन यंग या अंतराळवीराने खिशातून गुपचूप सँडविच नेले. ते बाहेर काढताच कण सुटून तरंगू लागले. असे कण डोळ्यांत वा यंत्रांत शिरावयाचे! सँडविच मुकाट्याने पुन्हा खिशात गेले. डिसेंबर २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एका खास भट्टीत पाच बिस्किटे भाजून पाहिली. घरी वीस मिनिटांत होणारे काम तेथे नीट जमावयास सुमारे दोन तास लागले. शुभांशू शुक्ला यांनी जून २०२५मध्ये स्थानकावर जाताना गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला. हे पदार्थ चमच्याला चिकटून राहणारे. कण उडण्याची भीती कमी. तेव्हा केक खावा तो पृथ्वीवरच!

आता कृतीकडे वळू. सहा इंची तीन थरांसाठी मैदा १९० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, आंबट नसलेले घट्ट दही २५० ग्रॅम, वास नसलेले तेल अर्धी वाटी, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा आणि व्हॅनिला एक चमचा घ्यावे. दही व साखर फेटून त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घालावा. पाच मिनिटांत ते फसफसून वर येते. मग तेल, व्हॅनिला आणि चाळलेला मैदा घालून हलक्या हाताने कालवावे.

या पिठाचे तीन भाग करावेत. पहिल्यात दुधात खललेले केशर घालावे. दुसऱ्यात एक लहान चमचा कोको, तर तिसऱ्यात दोन मोठे चमचे कोको आणि पीठ सैल होण्यापुरते दूध घालावे. सूर्य मावळल्यावर क्षितिजाशी पिवळेपणा असतो आणि वर जावे तसा अंधार दाटतो. केशराचा थर तळाला, गडद थर वर ठेवला, म्हणजे सुरी फिरताच कापात तीच संध्याकाळ दिसते.

तिन्ही भांडी १८० अंशांवर वीस-बावीस मिनिटे भाजावीत. विणायची सुई टोचून कोरडी निघाली की झाले. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात मीठ पसरावे, त्यावर जाळी ठेवून दहा मिनिटे झाकून तापवावे आणि मंद आचेवर भाजावे. वेळ थोडा अधिक लागेल. भांडे एकच असेल तर पीठ मात्र तीनदा, तिसऱ्या हिश्श्याने भिजवावे. सोड्याचे पीठ ताटकळत ठेवले की त्यातला वायू निघून जातो आणि शेवटचा थर दडदडीत होतो.

वरच्या लेपासाठी गडद चॉकलेट ३०० ग्रॅम आणि क्रीम १५० ग्रॅम. आपल्या उकाड्यात लोण्याचा लेप ओघळतो. दोनास एक या प्रमाणातला चॉकलेटचा लेप टिकतो, आणि रात्रीचा रंगही त्यालाच साधतो. कडेला बुडबुडे येईतो क्रीम तापवून चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटांनी ढवळावे. गार झालेल्या थरांवर आधी पातळ हात फिरवून चुरा बसवावा, मग जाड लेप द्यावा. आकाशगंगेसाठी चहाच्या गाळण्यातून पिठीसाखरेचा तिरका पट्टा भुरभुरावा. नव्या, स्वच्छ ब्रशाने दुधात कालवलेली साखर शिंपडली की तारे झाले.

राहिले ग्रह. हे काम मुलांकडे द्यावे, पण मापाने. गुरू म्हणून ४४ मिलिमीटरचा बेसनाचा लाडू घेतला, तर शनी ३६ मिलिमीटरचा पेढा होतो. त्याचे चॉकलेटचे कडे आठ सेंटिमीटरचे. (चकली शोभेल, पण खारट लागेल!) युरेनस आणि नेपच्यून दीड सेंटिमीटरच्या खव्याच्या गोळ्या. पृथ्वी आणि शुक्र मिरीच्या दाण्याएवढे, मंगळ मोहरीएवढा, बुध त्याहून लहान. सूर्य केकवर मावावयाचा नाही. त्याला ४४ सेंटिमीटरची परात लागेल! ती स्वयंपाकघरात ठेवली तर आपली मिरीएवढी पृथ्वी ४७ मीटरवर, म्हणजे पार गल्लीत जाईल. मुलांना पावले मोजीत तेथवर जाऊ द्यावे. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह शेजारी-शेजारी बसलेले असतात. खरे अंतर पायांनाच कळते.

मुले परत येईपर्यंत लेप घट्ट बसलेला असेल. पहिला तुकडा वाढदिवसाच्या बाळाचा, दुसरा आजींचा. यंदा त्यांना "तुमचं चालू द्या" म्हणावयाचे काही कारण नाही.