विलीज जीपचा संग्रह आणि जीर्णोद्धार

विलीज जीप हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार करण्यात आलेले, चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवता येणारे हलके वाहन होय. विलीज-ओव्हरलँड या कंपनीचे 'एमबी' आणि त्याच आराखड्यावरून फोर्ड कंपनीने तयार केलेले 'जीपीडब्ल्यू' ही तिची दोन युद्धकालीन रूपे आहेत. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ६,४०,००० जीप तयार केल्या. युद्धानंतर या जीप शेती, वनखाते, पोलीस आणि खाजगी वाहतूक अशा अनेक कामांत वापरल्या गेल्या. पुढे जुन्या खडतर-मार्ग वाहनांच्या संग्राहकांत त्यांना विशेष स्थान मिळाले.

या जीपचे सुटे भाग एकमेकींना बसतील अशाच पद्धतीने बनवलेले होते. त्यामुळे दुरुस्ती सोपी झाली. परंतु आज टिकून असलेल्या पुष्कळशा जीप अनेक वाहनांच्या भागांपासून जुळवलेल्या आहेत. 'अस्सल जीप कोणती?' हा प्रश्न म्हणूनच या वाहनाच्या संग्रहाच्या आणि जीर्णोद्धाराच्या केंद्रस्थानी आहे.

निर्मिती

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. पहिला नमुना ४९ दिवसांत सादर करण्याची अट असल्याने अगदी थोड्या कंपन्यांनी प्रतिसाद दिला. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील अमेरिकन बॅन्टम ही त्यांपैकी एक होती. अभियंता कार्ल प्रॉब्स्ट यांनी तिच्यासाठी आराखडा तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना मेरीलँडमधील कॅम्प होलाबर्ड येथे चाचणीसाठी पोहोचला. त्यानंतर विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनीही आपापले नमुने सादर केले.

सैन्याने प्रथम घातलेली सुमारे ५९० किलोग्रॅम वजनाची मर्यादा व्यवहार्य नव्हती, म्हणून ती वाढवून सुमारे ९८० किलोग्रॅम करण्यात आली. विलीजचे 'गो डेव्हिल' हे इंजिन स्पर्धकांपेक्षा ताकदवान, पण जड होते. कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी ते बदलण्याऐवजी गाडीच्या इतर भागांचे वजन घटवले. पुढे हेच इंजिन विलीजच्या बाजूने निर्णायक ठरले.

१९४१ मध्ये विलीजला मोठ्या उत्पादनाचे कंत्राट मिळाले. एका कंपनीच्या क्षमतेवर विसंबणे धोक्याचे वाटल्याने सैन्याने फोर्डलाही विलीजच्याच आराखड्यानुसार जीप बनवण्याचे काम दिले. मूळ कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या बॅन्टमला मात्र मुख्य कंत्राट मिळाले नाही. युद्धकाळात ती कंपनी ट्रेलरसारखी इतर कामे करत राहिली. जीपची निर्मिती आपणच केली, असे जाहिरातींत सूचित करण्यास अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ मध्ये विलीजला मनाई केली.

तांत्रिक वैशिष्ट्ये

एमबीमध्ये २,१९९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. तीन गतींचा गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेला दोन पातळ्यांचा ट्रान्सफर केस यांद्वारे पुढील व मागील आसांना शक्ती मिळे. पुढील व मागील आसांमधील अंतर ८० इंच होते. विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची, तर पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली होती. चालकाचे स्थान डावीकडे होते.

भारतातील जीप

महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवरील मोहिमांच्या निमित्ताने दोस्त राष्ट्रांच्या जीप भारतात आल्या. त्यांपैकी काही युद्धानंतर लिलावांतून नागरिकांच्या हाती पडल्या.

१९४५ मध्ये जगदीशचंद्र महिंद्रा, कैलाशचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे झाले. विलीजकडून सुट्या भागांच्या स्वरूपात आलेल्या जीप कंपनीने मुंबईतील माझगाव येथे जुळवण्यास सुरुवात केली आणि नंतर टप्प्याटप्प्याने उत्पादन भारतात आणले. उंच बॉनेटमुळे सहज ओळखू येणारे 'सीजे-३बी' हे प्रारूप भारतीय रस्त्यांवर सर्वाधिक परिचित झाले. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, परंतु भारतात त्यावर आधारित वाहने त्यानंतरही अनेक दशके बनत राहिली.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात खेमकरण विभागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त केले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले.

ग्रामीण महाराष्ट्रात जीपचा उपयोग मुख्यतः प्रवासी वाहतुकीसाठी झाला. 'वडाप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वाहतुकीत अधिक प्रवासी बसावेत म्हणून गाड्यांची मागील बाजू वाढवली जाई आणि इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवले जाई. अशा बदलांमुळे अनेक जुन्या जीप वापरात टिकल्या, पण त्यांचे मूळ रूप राहिले नाही.

ओळख पटवण्याच्या पद्धती

जुनी जीप विकत घेण्यापूर्वी तिची ओळख पटवणे हे संग्राहकाचे पहिले काम असते. त्यासाठी पुढील खुणा तपासल्या जातात.

दर्शनी जाळी: सुमारे पहिल्या २५,००० एमबीवर लोखंडी पट्ट्या जोडून बनवलेली जाळी होती. नंतर फोर्डची पत्र्यातून ठोकून काढलेली, नऊ उभ्या फटींची हलकी व स्वस्त जाळी विलीजनेही स्वीकारली. युद्धानंतरच्या नागरी जीपच्या जाळीला सात फटी असतात.

चॅसिस: पुढील टोकाची आडवी दांडी विलीजच्या चॅसिसवर गोल नळीची, तर फोर्डच्या चॅसिसवर चौकोनी छेदाची असते. हा फरक लपवणे कठीण असल्याने तो सर्वांत विश्वासार्ह मानला जातो.

क्रमांक: फोर्डने क्रमांक थेट चॅसिसच्या डाव्या दांड्यावर ठोकला, तर विलीजने तो पुढील भागात आतल्या बाजूला रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर दिला. पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावता येत असल्याने केवळ तिच्यावर विसंबून निष्कर्ष काढला जात नाही.

'एफ' अक्षर: फोर्डने बोल्टसह अनेक लहान भागांवर इंग्रजी 'एफ' हे अक्षर उमटवले होते. एखाद्या जीपमध्ये फोर्डचे किती भाग उरले आहेत, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

नागरी खुणा: मागे उघडणारी फळी, बाहेरून पेट्रोल भरण्याचे तोंड आणि बाजूला लावलेले जादा चाक ही युद्धोत्तर 'सीजे-२ए' या प्रारूपाची लक्षणे आहेत. लष्करी हिरवा रंग दिलेली नागरी जीप युद्धकालीन म्हणून विकली जात असल्यास या खुणांवरून फसवणूक लक्षात येते.

जीर्णोद्धाराची प्रक्रिया

जीर्णोद्धाराची सुरुवात नोंदीपासून होते. गाडी उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेणे, क्रमांक लिहून ठेवणे आणि काढलेले भाग चिठ्ठ्या लावून ठेवणे आवश्यक असते. त्यानंतर बॉडी चॅसिसपासून वेगळी करून चॅसिसचा सरळपणा व भेगा तपासल्या जातात.

बॉडीत गंजाचा सर्वाधिक उपद्रव तळाशी आढळतो. तळाच्या पत्र्याला आधार देणाऱ्या पोकळ पट्ट्यांत मुळात लाकडाचे तुकडे घातलेले होते. हे लाकूड ओलावा धरून ठेवते व पत्रा आतून कुजवते. पेट्रोलची टाकी ज्या खोलगट जागेत बसते तिथेही पाणी साचते. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशात ठेवलेल्या गाड्यांत या जागांची तपासणी विशेष महत्त्वाची असते. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हे वेळखाऊ काम आहे. त्याऐवजी संपूर्ण नवी बॉडीही मिळू शकते. फिलिपिन्ससारख्या देशांत अशा प्रतिकृती तयार होतात.

इंजिनाचे काम तुलनेने सोपे असते, कारण त्याची रचना साधी असून अनेक सुटे भाग आजही बनवले जातात. मूळ गिअरबॉक्स नाजूक समजला जातो. त्याच्या जागी नंतरच्या नागरी जीपचा मजबूत गिअरबॉक्स बसवण्याची प्रथा आहे. त्याचप्रमाणे ६ व्होल्टची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची केली जाते. हे दोन्ही बदल व्यवहाराच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी ऐतिहासिक अचूकतेला बाधा आणतात.

रंग काढताना सावधगिरी बाळगावी लागते. बॉनेटच्या बाजूंवर सैन्याचा नोंदणी क्रमांक रंगवलेला असे आणि या प्रकारच्या अमेरिकन वाहनांचा क्रमांक '२०' या अंकांनी सुरू होई. वरचे थर हलक्या हाताने घासल्यास काही वेळा हा क्रमांक खाली सापडतो. वाळूच्या माऱ्याने पत्रा एकदम साफ केल्यास मात्र हा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

अस्सलपणाचा प्रश्न

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिव्हा) व्याख्येनुसार ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेले आणि रोजच्या वापरात नसलेले असावे. महासंघाच्या 'तुरीन सनदे'त जतन आणि जीर्णोद्धार यांत फरक केला असून, वाहनाच्या मूळ भागांत व जुन्या खुणांत शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, असा तिचा रोख आहे.

जीपच्या बाबतीत दोन भूमिका दिसतात. पहिलीनुसार गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी दिसावी. दुसरीनुसार तिच्यावर पडलेले नंतरचे बदलही इतिहासाचाच भाग आहेत. एखादी युद्धकालीन जीप भारतात लिलावात विकली गेली, तिचे चाक उजवीकडे घेण्यात आले आणि मग ती तीस वर्षे शेतावर राबली, तर या खुणा पुसून तिला १९४३ च्या रूपात आणल्याने युद्धाची एक सर्वसाधारण प्रतिमा मिळते, पण त्या विशिष्ट गाडीचा भारतातील इतिहास नष्ट होतो. उलट, जोडलेले सर्व बदल तसेच ठेवल्यास मूळ रचना समजणे कठीण होते. यावर मध्यममार्ग म्हणून काढलेले भाग जपून ठेवणे, नवे भाग ओळखू येतील अशा खुणा करणे आणि कामाची लेखी नोंद गाडीसोबत ठेवणे असे उपाय अवलंबले जातात.

भारतातील कायदेशीर स्थिती

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये आकारले जातात. नोंदणी क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी वाहने प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. नियमित किंवा व्यावसायिक वापरास मनाई आहे.

वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी या नोंदणीची अट आहे. डिझेल इंजिन बसवलेल्या किंवा बॉडी वाढवलेल्या जीपना ही अट अडचणीची ठरते. भारतातील अनेक जीप ज्या फेरबदलांमुळे टिकल्या, तेच फेरबदल त्यांच्या व्हिंटेज नोंदणीच्या आड येतात. त्यामुळे जुन्या आरसी पुस्तकासह मूळ इंजिन व काढलेले भाग सांभाळून ठेवलेल्या गाड्यांना संग्राहकांच्या दृष्टीने अधिक मोल असते.

प्रभाव आणि गौरव

१९४८ मध्ये सादर झालेल्या ब्रिटिश लँड रोव्हरची कल्पना रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांना शेतावरील जुन्या जीपवरून सुचली. तिचा पहिला नमुनाही जीपच्या चॅसिसवर उभारला गेला. फ्रान्समध्ये हॉचकिस आणि जपानमध्ये मित्सुबिशी या कंपन्यांनी परवान्याने जीप बनवल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मधील '८ ऑटोमोबाइल्स' या प्रदर्शनात जीपचा समावेश केला, तर अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सने १९९१ मध्ये एमबीला यांत्रिक अभियांत्रिकीचा ऐतिहासिक मानबिंदू म्हणून मान्यता दिली.